दंगलीनंतरचे गुन्हे : कुणावर लागतात, कुणावर लागत नाहीत, कुणाचे मागे घेतले जातात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दंगल शमली की आठवड्याभरात वकिलाच्या दारात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक म्हणतं, आमच्या पोराचं नाव कसं आलं, तो तर दुकान बंद करून घरी निघाला होता. दुसरं म्हणतं, आमचं घर जाळणाऱ्याला अख्खी गल्ली ओळखते, मग त्याचं नाव का नाही? मी फौजदारी कोर्टात काम करतो आणि दोन्ही बाजूंचे कागद वाचले आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदात बहुतेक वेळा सापडतं. दुसऱ्याचं सापडत नाही, कारण एखाद्याचं नाव न घेण्याचा निर्णय कुठे लिहिलेलाच नसतो. खालचे प्रश्न त्या न लिहिलेल्या निर्णयांभोवतीच फिरतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (तपास आणि खटल्याची पद्धत) लागू झाल्या. त्याआधीच्या घटनांना जुना दंड विधान कायदाच लागतो, म्हणून दोन्हीकडचे कलम क्रमांक दिले आहेत.

एफआयआरमध्ये ‘व इतर २०० ते ३०० अनोळखी इसम’ असं का लिहितात?

कारण त्या रात्री खरोखरच कुणी कुणाला मोजलेलं नसतं. बंदोबस्तावरचा हवालदार किंवा उपनिरीक्षक सरकारतर्फे फिर्याद देतो, पाच-दहा नावं लिहितो आणि बाकीच्यांसाठी हे एक वाक्य टाकतो. ते बेकायदेशीर नाही. शेकडो लोकांच्या जमावात पहिल्याच दिवशी सगळी नावं असतील, तर तीच एफआयआर जास्त संशयास्पद वाटायला हवी.

धोका पुढे आहे. हे वाक्य म्हणजे सही करून ठेवलेला कोरा कागद. त्यात महिनाभराने, सहा महिन्यांनी, निवडणुकीच्या तोंडावर कुणाचंही नाव भरता येतं आणि ज्याचं भरायचं नाही त्याच्यासाठी जागा रिकामी ठेवता येते. ‘तुझं नाव अजून टाकलेलं नाही’ हे वाक्य अनेक वस्त्यांत अटकेपेक्षा जास्त कामाला येतं. तडजोडी होतात, माणसं पक्ष बदलतात, साक्षीदार गप्प बसतात.

म्हणून एफआयआर वाचताना मूळ यादीवर थांबू नका. नंतर आलेलं प्रत्येक नाव कोणत्या तारखेच्या, कुणाच्या जबाबातून आलं ते पाहा. घटनेनंतर चाळीस दिवसांनी एखाद्याला अचानक दहा नावं आठवली असतील, तर उलटतपासणी तिथूनच सुरू होते.

नुसतं तिथं उभं असणं हा गुन्हा आहे का?

नाही. पण कलम असं आहे की तसं वाटावं. पाच किंवा अधिक माणसं बेकायदेशीर हेतूने जमली की तो बेकायदेशीर जमाव होतो (जुनं १४१, नवं १८९). त्या जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला, तर प्रत्येक सदस्य त्याला जबाबदार धरला जातो (जुनं १४९, नवं १९०). दगड कुणी मारला हे सिद्ध करायची गरज उरत नाही, तुम्ही सदस्य होता एवढं दाखवलं की पुरतं. खून झाला असेल तर याच धाग्याने पन्नास जणांना जन्मठेपेच्या कलमाखाली आणता येतं.

यावर सर्वोच्च न्यायालयाने दोन बांध घातले आहेत. महाराष्ट्रातल्याच मुसा खान खटल्यात १९७६ साली न्यायालय म्हणालं की केवळ बघ्या म्हणून हजर असलेला माणूस जमावाचा सदस्य होत नाही. त्याआधी मसाल्टी खटल्यात, मोठ्या जमावाच्या बाबतीत एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावर न विसंबता अनेक साक्षीदारांचं सुसंगत कथन मागण्याची कसोटी न्यायालयाने मान्य केली. तिथे चार साक्षीदार मागितले होते, पुढच्या निकालांत दोन-तीनही पुरेसे मानले गेले.

हे बांध खटल्याच्या शेवटी उपयोगी पडतात. अटक, जामीन, नोकरीतून निलंबन, पासपोर्ट हे सगळं तोवर होऊन गेलेलं असतं.

आरोप कोण ठरवतं : पोलीस, सरकारी वकील की मंत्री?

इथे बऱ्याच जणांच्या मनात परदेशी चित्र असतं. अमेरिकेत कुणावर कोणता आरोप ठेवायचा हे सरकारी वकील ठरवतो. इंग्लंडमध्ये गंभीर प्रकरणांत क्राऊन प्रॉसिक्युशन सर्व्हिस ठरवते, आणि तिची लेखी, जाहीर संहिता आहे : आधी पुरावा पुरेसा आहे का, मग खटला चालवणं लोकहिताचं आहे का.

आपल्याकडे दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात. सरला विरुद्ध वेलू या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दोषारोपपत्र पाठवायचं की नाही, हे मत तपास अधिकाऱ्याने स्वतःचं स्वतः बनवायचं आहे, सरकारी वकिलाच्या मतावर ते टांगता येत नाही. त्यानंतर आरोप निश्चित करतं ते न्यायालय.

म्हणजे कागदोपत्री मंत्र्याला इथे कुठेही जागा नाही. प्रत्यक्षात तपास अधिकाऱ्याची बदली गृहखात्याच्या हातात, विशेष तपास पथक नेमणं सरकारच्या हातात, सत्र न्यायालयातला सरकारी वकील सरकारने नेमलेला, विशेष सरकारी वकील तर उघडच सरकारच्या निवडीचा. फोन करून ‘याचं नाव काढ’ असं सांगायची वेळ क्वचितच येते. काय केलं की बदली होते, हे ठाण्यातल्या सगळ्यांना माहीत असतं.

कलमं निवडण्यात राजकारण कसं शिरतं?

एकाच दगडफेकीची तीन दोषारोपपत्रं लिहिता येतात. नुसता दंगा लावला (नवं १९१) तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हातात घातक हत्यार दाखवलं तर जुन्या कायद्यात तीन आणि नव्यात पाच वर्षांपर्यंत. दगड पोलिसाला लागला की ‘तीनशे त्रेपन्न’, म्हणजे सरकारी कामात अडथळ्यासाठी हल्ला (नवं १३२). डोक्याला लागला म्हटलं की ‘तीनशे सात’, खुनाचा प्रयत्न (नवं १०९). दुकानातून वस्तू गेल्या आणि माणसं पाच होती, तर दरोडा (जुनं ३९५, नवं ३१०). आणि मागे कट होता असं म्हटलं की यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा. त्याच्या कलम ४३ड(५) मुळे, आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन मिळत नाही.

या निवडीवरच पुढची पाच वर्षं ठरतात. शेवटी शिक्षा होवो न होवो, यूएपीए लागलेला माणूस आतमध्ये वाट पाहतो आणि १९१ लागलेला घरी. दोन गटांत मारामारी झाली असेल तर दोन्ही एफआयआर शेजारी ठेवा. जखमांचे दाखले सारखे आणि कलमं वेगळी असतील, तर तो फरक का, याचं उत्तर तपास अधिकाऱ्याने द्यायला हवं. हा तक्ता मी प्रत्येक प्रकरणात करतो. पक्षपात झाला असेल तर तो भाषणांपेक्षा या तक्त्यात लवकर दिसतो.

आणखी एक वाट आहे, जिच्यात आरोप ठेवायचीही गरज नसते : चॅप्टर केस (शांतता राखण्याचं हमीपत्र घेणं), तडीपारी, एमपीडीए या राज्याच्या कायद्याखाली खटल्याविना स्थानबद्धता. दंगलीनंतर या नोटिसा कुणाला निघाल्या याची यादीही तितक्याच काळजीने वाचावी.

चिथावणी देणारा सुटतो आणि दगड मारणारा अडकतो, असं का होतं?

याचं मोठं कारण कायद्यातच आहे. दोन समाजांत तेढ वाढवण्याच्या कलमाखाली (जुनं १५३अ, नवं १९६) न्यायालयाला दखल घेण्यापूर्वी केंद्र किंवा राज्य सरकारची मंजुरी लागते (प्रक्रियेच्या कायद्यातलं जुनं १९६, नवं २१७). दगड मारणाऱ्यासाठी अशी मंजुरी लागत नाही. भाषणावरचे खटले उठसूट होऊ नयेत म्हणून ही चाळणी ठेवली गेली. पण भाषण करणारा बहुधा राजकारणी असतो आणि चाळणी राजकारण्याच्याच हातात असते.

मुंबईचं उदाहरण घ्या. जानेवारी १९९३ मधल्या ‘सामना’च्या अग्रलेखांवरून बाळासाहेब ठाकरे यांच्यावर गुन्हा होता. वर्षानुवर्षं मंजुरीचं घोडं अडलं. ती मिळाली जुलै २००० मध्ये. तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं आणि गृहखातं छगन भुजबळ यांच्याकडे होतं, म्हणजे १९९१ साली शिवसेना सोडून गेलेल्या नेत्याकडे. २५ जुलैला अटक झाली, मुंबई ठप्प झाली, आणि त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण मुदतबाह्य ठरवून बंद केलं. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल तीन वर्षांच्या आत घ्यावी लागते, हा नियम तेव्हाही सगळ्यांना माहीत होता. त्या काळात राज्यावर काँग्रेसही होती आणि शिवसेना-भाजप युतीही. मंजुरी अडवणं हा राजकीय निर्णय आणि उशिरा देणं हाही राजकीय निर्णय. अग्रलेख गुन्हा होते की नव्हते, हा खरा प्रश्न कोणत्याही न्यायालयासमोर पुराव्यानिशी तपासला गेलाच नाही. ज्यांना ते निर्दोष वाटतात आणि ज्यांना दोषी वाटतात, त्या दोघांचंही यात नुकसान झालं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं उदाहरण उत्तर प्रदेशातलं. गोरखपूरमध्ये जानेवारी २००७ मध्ये केलेल्या कथित भाषणावरून योगी आदित्यनाथ यांच्यावर गुन्हा होता. खटल्याला मंजुरी नाकारणारा आदेश मे २०१७ मध्ये निघाला, तेव्हा ते स्वतः मुख्यमंत्री होते. तक्रारदार उच्च न्यायालयात हरले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळलं. पुराव्यातल्या सीडीबद्दल प्रयोगशाळेचा प्रतिकूल अहवाल होता, त्यामुळे नकाराला आधार नव्हता असं म्हणता येणार नाही. पण ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच सरकारने मंजुरीचा निर्णय घ्यावा ही रचना कुणालाही खटकावी, आरोपी कुठल्याही पक्षाचा असो.

कधीतरी खटला शेवटाला जातोही. डिसेंबर १९९२ च्या मोर्चातल्या चिथावणीबद्दल शिवसेनेचे माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना मुंबईच्या न्यायालयाने २००८ मध्ये एक वर्षाची शिक्षा सुनावली. मधे पंधरा वर्षं गेली होती.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक दिलासा आहे : मुदत मोजताना तक्रार किंवा एफआयआर नोंदवल्याची तारीख धरायची असं ५१४ च्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे. म्हणून एफआयआर वेळेत नोंदवून घेणं हेच पहिलं काम.

गुन्हा नोंदवला गेला, पण खटलाच उभा राहिला नाही. हे कसं?

समरीमुळे. महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस अंतिम अहवालाला वर्ग देतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. ब म्हणजे तक्रार खोटी आणि खोडसाळ. क म्हणजे ना खरी ना खोटी, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची.

दंगलीत अ समरी फार सोयीची पडते. ‘अनोळखी इसम’ अनोळखीच राहिले असं लिहायचं आणि फाईल मिटवायची. कुणाला सोडलं असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीत सुमारे ९०० माणसं मेली. १३७१ प्रकरणं अ समरीने बंद झाली. फेरतपासणीत त्यातली थोडीच पुन्हा उघडली. त्याच शहरात १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, त्याचा तपास नेटाने झाला, टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली विशेष न्यायालय बसलं आणि १०० जण दोषी ठरले. बॉम्बस्फोटाचा खटला तसाच चालायला हवा होता, याबद्दल शंका नाही. पण तेच पोलीस दल, तेच सरकार, तेच वर्ष. मनात आणलं तर काय जमतं हे एका खटल्यात दिसलं, म्हणून दुसऱ्या ढिगाकडे पाहून राग येतो.

न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला, ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. मात्र चौकशी आयोगाचा अहवाल हा पुरावा नसतो आणि सरकारवर बंधनकारकही नसतो. ‘आयोग नेमला’ या घोषणेने दोषारोपपत्राची जागा भरून निघत नाही, हे तेव्हापासून आपल्याला कळायला हवं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कायदा आणि सुव्यवस्था राखण्यात राज्य अपयशी ठरलं, आणि सुप्त ठेवलेल्या खटल्यांतले आरोपी शोधण्याची व्यवस्था करायला सांगितलं. तोवर तीस वर्षं उलटली होती.

अ समरी म्हणजे शेवट नव्हे. ती दंडाधिकाऱ्यांनी स्वीकारावी लागते आणि त्याआधी फिर्यादीला नोटीस यायला हवी. नोटीस आली की हरकत अर्ज द्या. गुजरातमध्ये २००२ च्या दंगलीनंतर बंद केलेली दोन हजारांहून अधिक प्रकरणं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेरतपासणीला लावली होती.

सरकारी वकीलच ढिला पडला तर?

याचा सर्वात कठोर निकाल बेस्ट बेकरी खटल्याचा. बडोद्यात मार्च २००२ मध्ये १४ माणसांना मारलं गेलं. साक्षीदार फिरले, २००३ मध्ये सगळे २१ आरोपी सुटले. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द करून नव्याने चालवायला महाराष्ट्रात पाठवला. सरकारी वकील बचाव पक्षाच्या वकिलासारखाच वागला, हे न्यायालयाने निकालात नोंदवलं. मुंबईत २००६ मध्ये ९ जणांना जन्मठेप झाली, त्यातल्या चौघांची उच्च न्यायालयाने कायम ठेवली.

खटला बिघडवायला कुणाला निर्दोष म्हणावं लागत नाही. साक्षीदार फितूर झाल्यावर त्याची उलटतपासणी नीट घ्यायची नाही, महत्त्वाचा पंच बोलवायचा नाही, एवढ्यावर भागतं. पीडितांच्या वकिलाला सरकारी वकिलाच्या मदतीला उभं राहण्याची मुभा कायदा देतो. ती पहिल्या तारखेपासून घ्या.

सरकारला खटला मागे घेता येतो का?

सरकारला नाही, सरकारी वकिलाला येतो, आणि तोही न्यायालयाच्या संमतीने (जुनं ३२१, नवं ३६०). हा फरक शब्दांचा नाही. मंत्रिमंडळाने ‘गुन्हे मागे घेतले’ अशी घोषणा केली तरी तोपर्यंत काहीही मागे गेलेलं नसतं. सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज द्यायचा, आणि तो सद्भावनेने, न्यायाच्या हितासाठी दिला आहे का हे न्यायालयाने पाहायचं. व्यवहारात अनेक अर्जांत एकच छापील वाक्य असतं : ‘लोकहितास्तव’. लोक कोणते आणि हित कोणतं, पुढे काही नाही.

आरोप निश्चित होण्यापूर्वी खटला मागे गेला तर आरोपी दोषमुक्त होतो, नंतर गेला तर निर्दोष सुटतो, म्हणजे त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर पुन्हा खटला चालत नाही. म्हणून अर्ज कोणत्या टप्प्यावर आला ते पाहायला विसरू नका.

न्यायालयं नकारही देतात. केरळ विधानसभेत १३ मार्च २०१५ रोजी अर्थसंकल्पाच्या वेळी विरोधी आमदारांनी तोडफोड केली. पुढे त्यांचंच सरकार आलं आणि खटला मागे घेण्याचा अर्ज झाला. २८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सभागृहाचे विशेषाधिकार म्हणजे फौजदारी कायद्यातून सूट नव्हे, असं बजावलं. त्यानंतर दोन आठवड्यांत, १० ऑगस्टला, आणखी एक आदेश आला : आजी-माजी खासदार-आमदारांवरचा कोणताही खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही. त्याच सुनावणीच्या मालिकेत न्यायमित्रांनी (न्यायालयाच्या मदतीला नेमलेल्या वकिलांनी) सांगितलं होतं की २०१३ च्या मुझफ्फरनगर दंगलीशी संबंधित ७७ खटले उत्तर प्रदेश सरकारने कारण न देता मागे घेतले.

नव्या संहितेने ३६० मध्ये एक ओळ जोडली आहे : पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायालयाने परवानगी देऊ नये. गुन्हे प्रक्रियेच्या नव्या कायद्यातली मला सर्वात आवडणारी ओळ हीच. पण ज्याला ती माहीत नाही, त्याच्या पाठीमागे अर्ज मंजूर होऊन जातो. कोर्टाच्या तारखांवर लक्ष ठेवा.

आंदोलनातले गुन्हे मागे घेणं वाईटच का?

मुळीच नाही. रास्ता रोको करणाऱ्या विद्यार्थ्यावर आयुष्यभर गुन्ह्याचा शिक्का राहावा असं कुणालाच वाटू नये. महाराष्ट्रात यासाठी शासन निर्णय निघतात, त्यांत साधारणपणे जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या आत असावं अशा अटी असतात, आणि समिती प्रकरणं तपासते. फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्री अनिल देशमुख यांनी विधान परिषदेत सांगितलं की कोरेगाव भीमा हिंसाचारानंतरच्या ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ आणि मराठा आरक्षण आंदोलनाच्या ५४८ पैकी ४६० गुन्हे मागे घेतले आहेत.

अट सगळ्या गटांना सारखी लावली आणि प्रकरणवार कारण लिहिलं, तर हे क्षमाशील राज्याचं लक्षण आहे. एका आंदोलनाला पाच लाखांची मर्यादा आणि दुसऱ्यासाठी एकेका हातगाडीचा हिशोब, असं झालं की तो मतांचा व्यवहार होतो. आणि ज्याचं दुकान जळलं त्याला दोन्ही वेळा कुणी विचारत नाही.

सरकार बदललं की तपासही बदलतो का?

कोरेगाव भीमाच्या बाबतीत ते उघड दिसलं. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारामागे कोण, याची दोन उत्तरं पोलिसांच्याच दोन तपासांतून समोर आली. एका गुन्ह्यात हिंदुत्ववादी नेत्यांची नावं होती, दुसऱ्यातून एल्गार परिषदेच्या (आदल्या दिवशी पुण्यात भरलेल्या सभेच्या) मागचा कथित माओवादी कट पुढे आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात सत्ताबदल झाला, नव्या सरकारात एल्गार तपासाची फेरचौकशी करण्याची भाषा सुरू झाली, आणि २४ जानेवारी २०२० रोजी केंद्राने ते प्रकरण एनआयए या आपल्या तपास यंत्रणेकडे दिलं. एनआयए कायद्याने केंद्राला तसा अधिकार आहे. त्यामुळे बेकायदेशीर काही झालं नाही, पण त्या तारखा शेजारी ठेवल्यावर हेतूबद्दल प्रश्न पडणारच, आणि ते विचारणं हा देशद्रोह नव्हे.

‘हा राजकीय सूड आहे’ हा बचाव कोर्टात चालतो का?

एकट्याने नाही. भजनलाल खटल्यात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करण्याचे जे सात प्रकार सांगितले, त्यातला शेवटचा स्पष्ट दुर्बुद्धीचा आहे. पण पुरावा भक्कम असेल, तर फिर्यादीचा राजकीय हेतू गुन्हा पुसून टाकत नाही. ‘त्यांना सोडलं, मग मलाही सोडा’ हेही चालत नाही. चुकीच्या गोष्टीत समानता मागता येत नाही, असं न्यायालयं वारंवार सांगतात.

याची टोचणी मला अनेकदा लागते, कारण पक्षपात झालेला असतो आणि त्यावर थेट इलाज नसतो. इलाज आडवाटेने करावा लागतो : सुटलेल्यांना आत आणायचं. साक्षीत पुरावा आला तर दोषारोपपत्रात नसलेल्या माणसालाही न्यायालय आरोपी करू शकतं (जुनं ३१९, नवं ३५८). हे कलम हवं तितकं वापरलं जात नाही.

एकाच घटनेवरून पाच-सहा गुन्हे दाखल केले. हे चालतं?

नाही. टी. टी. अँटनी खटल्यात २००१ मध्येच ठरलं की एकाच घटनेसाठी दुसरी एफआयआर होत नाही. २०२० च्या दिल्ली दंगलीत एकाच आवारातल्या जाळपोळीवरून नोंदवलेल्या पाचपैकी चार एफआयआर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केल्या. मात्र वेगळी वेळ, वेगळी जागा, वेगळा बळी असेल तर वेगळा गुन्हा होऊ शकतो.

दुसऱ्या देशांत हे स्वच्छ असतं का?

तिथेही नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसद भवनावर जमाव चालून गेला. सरकारी वकिलांनी सुमारे १५०० जणांवर आरोप ठेवले. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी त्यांनी जवळपास सगळ्यांना माफी दिली, १४ जणांची शिक्षा कमी केली. पोलिसांवर हल्ला केलेलेही त्यात होते. एक फरक मात्र नोंदवावासा वाटतो : माफीवर अध्यक्षाची सही असते, जबाबदारी कुणाची हे सगळ्यांना कळतं. आपल्याकडच्या अ समरीवर एखाद्या निरीक्षकाची सही असते, आणि त्याच्या मागे कोण होतं हे कधीच कळत नाही.

आरोपीचं घर पाडणं हा खटल्याचा भाग आहे का?

नाही. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ आरोपी आहे म्हणून घर पाडता येत नाही, बांधकाम बेकायदेशीर असलं तरी किमान १५ दिवसांची नोटीस हवी. तरीही मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या हिंसाचारानंतर एका आरोपीच्या घरावर बुलडोझर चालला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला कारवाई थांबवावी लागली.

इतकी वर्षं गेली, आता काही होऊ शकतं का?

खुनाला मुदत नाही. १९८४ च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हत्याकांडात अधिकृत आकड्यानुसार २७३३ माणसं मेली. काँग्रेसचे माजी खासदार सज्जन कुमार यांना खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलं होतं. १७ डिसेंबर २०१८ रोजी, ३४ वर्षांनी, दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली आणि गुन्हेगारांना राजकीय आश्रय होता असं निकालातच लिहिलं. हा खटला उभा राहिला तो मुख्यतः बायकांच्या साक्षींवर, ज्या तीस वर्षं मागे हटल्या नाहीत.

आमचं नुकसान झालंय. पहिल्या काही दिवसांत काय करावं?

एफआयआर नोंदवून घ्या. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर ती नोंदवणं बंधनकारक आहे, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने पक्कं केलं. ठाणं टाळाटाळ करत असेल तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या, पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा (जुनं १५६(३), नवं १७५(३)). सरकारतर्फे दिलेल्या फिर्यादीत तुमची घटना ‘सामावून घेतली’ असं सांगतील. तुमच्या घरावरचा हल्ला, तुमची ओळखलेली माणसं त्यात आहेत का हे वाचल्याशिवाय मान्य करू नका.

नावं आठवत असतील तर पहिल्याच जबाबात सांगा. भीतीपोटी मागे ठेवलेलं नाव नंतर सांगितलं की तेच तुमच्या विरुद्ध वापरलं जातं. ऐकीव नाव मात्र सांगू नका, एका खोट्या नावाने दहा खरी नावं सुटतात. नव्या संहितेत तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवायची जबाबदारी पोलिसांवर आहे, ती मागा. वांशिक हिंसाचार आणि जातीय अत्याचाराच्या पीडितांना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आमच्या मुलाला उचललंय. काय काय सांभाळून ठेवावं?

त्या संध्याकाळी तो कुठे होता याचा जो पुरावा आपोआप पुसला जातो, तो आधी : कामाच्या ठिकाणचं सीसीटीव्ही, दवाखान्याचं, पेट्रोल पंपाचं. बहुतेक ठिकाणी फुटेज काही आठवड्यांत नवीन रेकॉर्डिंगखाली जातं. मालकाला आणि तपास अधिकाऱ्याला फुटेज जपून ठेवण्याबद्दल लेखी कळवा आणि पोच ठेवा. मोबाईल रिसेट करू नका, व्हिडिओ फॉरवर्ड करत बसू नका, मूळ फाईल ज्या फोनमध्ये आहे तो फोन बाजूला ठेवा. कोर्टात मूळ उपकरण लागतं, किंवा नक्कल दिली तर तिच्यासोबत प्रमाणपत्र.

अटकेची कारणं लेखी मागा. ओळख परेड होण्याआधी त्याचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, आणि पोलिसांनी त्याला चेहरा न झाकता नेलं असेल तर त्या बातमीचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. पंचनाम्यावर पंच कोण आहेत ते पाहा. तेच दोन पंच इतर पाच गुन्ह्यांतही असतील तर वकिलाला सांगा. आणि साठावा व नव्वदावा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. गुन्ह्याच्या शिक्षेनुसार तेवढ्या दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, पण अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी द्यावा लागतो. यूएपीएसारख्या कायद्यात ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते.